गाळ्यातला गाळ

महोदय,

2026-27च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या पाण्याची चर्चा चालू आहे. तीत घाट येतात, पाणवेली येतात, मलजल येते. टाकळीला गोदावरीत मिळणारी नंदिनी नदी मात्र सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूने येते, आणि तिकडच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या, गाळ्यांबद्दल बोलणे ‘ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) बसवा’ एवढ्यावरच थांबते. ईटीपी असूनही पाणी का बिघडते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

बहुतेक गोंधळ एका मोरीचा असतो. क्रोमचे, निकेलचे, सायनाइडचे आणि पिकलिंगच्या (धातूवरचा गंज काढण्याच्या) आम्लाचे धुण्याचे पाणी तिच्यात एकत्र सोडले, की पुढे कितीही भारी यंत्रणा लावा, उपयोग नाही. प्रत्येकाची रीत वेगळी आहे. हेक्झाव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमचे विषारी रूप असलेले ते पिवळे पाणी, चुन्याने खाली बसतच नाही. आधी आम्ल घालून पीएच 2 ते 3 वर आणायचा आणि सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर टाकायची. हिशेबाने किलोभर क्रोमला ती पावणेतीन किलो लागते. प्रत्यक्षात तीन किलोच्या वर धरावे. अर्धा तास ढवळले की पिवळे पाणी हिरवे होते. या वेळी सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून टाकीवरचा एक्झॉस्ट चालू हवा. पीएच चारच्या पुढे असेल तर पावडर वाया जाते आणि रंग तसाच राहतो. हिरवे झाल्यावरच चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच 8 ते 8.5 करायचा. दहाच्या वर गेला तर बसलेले क्रोम पुन्हा विरघळू लागते. निकेलला मात्र दहाच्या आसपासचाच पीएच लागतो. दोन्ही एका टाकीत घातली, तर एकाला बसवताना दुसरे निसटते.

व्यवहारात आम्ल आणि पावडरची ही पहिली पायरी गाळली जाते. थेट चुना पडतो, जस्त आणि निकेल खाली बसतात, वर नितळ पाणी दिसते आणि ते मोरीत सोडले जाते. पाणी गढूळ नाही म्हणजे चांगले, हा समज महागात पडतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. तेवढे डोळ्यांना दिसत नाही. डायफिनाइल कार्बाझाइडचे थेंब टाकून पाहावे. जांभळट रंग आला तर टाकी सोडायची नाही. दोन मिनिटांचे काम आहे.

सायनाइडचे पाणी 10.5च्या वर पीएच ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) वेगळ्या टाकीतच मोडायचे. ते चुकून क्रोमच्या आम्लाच्या टाकीत गेले, तर जीवघेणा हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. दोन्ही नळ्यांना निराळे रंग द्यायला डबाभर पेंट पुरतो.

आता टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळाकडे. त्याची विल्हेवाट टनावर आकारली जाते, आणि आपण पैसे मोजतो ते बहुतांशी पाण्याचे. 80 टक्के ओलाव्याच्या 100 किलो गाळात घन पदार्थ फक्त 20 किलो. तोच गाळ 60 टक्के ओलाव्यावर आणला तर वजन 50 किलो, म्हणजे निम्मे. त्यासाठी गाळातले पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेसचे कापड वेळेवर धुवायचे आणि सीएनसी यंत्रांचे तेलकट कूलंट ईटीपीत ओतायचे नाही. तेलाने कापड तुंबते, पीएचचा प्रोबही खोटे आकडे दाखवू लागतो. वाळवण्याच्या वाफ्यावर पत्रा हवाच. आपल्याकडे जूनला उघड्यावर ठेवलेली गोणी सप्टेंबरपर्यंत अर्धी नाल्यात गेलेली असते.

रसायनांचे रिकामे ड्रम आणि तेलकट चिंध्या हाही घातक कचऱ्याच्या 2016च्या नियमांप्रमाणे घातक कचराच. तो भंगारवाल्याला देता येत नाही. तेच ड्रम पुढे घरोघरी पाणी साठवायला विकले जातात, एवढे सांगितले तरी पुरे.

कागदपत्रांत सर्वांत दुर्लक्षित आहे ती मॅनिफेस्टची, म्हणजे घातक कचऱ्याच्या गाडीसोबत जाणाऱ्या नोंदपत्राची, निळी प्रत. सात प्रतींपैकी पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाते, पिवळी आपल्याकडे राहते, आणि माल पोहोचल्यावर स्वीकारणाऱ्याने सही करून आपल्याकडे परत पाठवायची ती निळी. ती आली नाही, तर आपला गाळ रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात पोहोचला की वाटेतल्या खाणीत रिकामा झाला, याचा पुरावा कारखानदाराकडे नसतो. पिवळ्या प्रतीवर फक्त ट्रकवाल्याची सही असते. तपासणीला येणाऱ्यांनी आधी निळ्या प्रती मागाव्यात आणि त्यांवरचे वजन नोंदवहीशी ताडून पाहावे.

छोट्या गाळेधारकाची अडचणही खरी आहे. घातक कचरा साठवण्याची मुदत 90 दिवस. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. महिन्याला दोन गोण्या निघणाऱ्याला अख्खा ट्रक परवडत नाही, म्हणून गोण्या साचतात आणि मग रात्री कुठेतरी जातात. उद्योजकांच्या संघटनांनी आणि मंडळाने मिळून सातपूर, अंबड आणि सिन्नरसाठी महिन्यातला एकेक दिवस ठरवावा. त्या दिवशी अधिकृत गाडीने गल्लीगल्लीतून गोण्या उचलाव्यात. गोण्या आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या, पिवळ्या लेबलाच्या आणि प्रत्येक गाळ्याच्या स्वतंत्र मॅनिफेस्टसह असाव्यात. वजनकाटा गाडीवरच ठेवावा.

– सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, सातपूर, नाशिक