लघवीच्या रिपोर्टवर थांबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत बीपी, शुगर, गुडघेदुखी यावर नेहमी येतं, पण घरातलं म्हातारं माणूस एकाएकी भ्रमात जातं त्यावर फारसं वाचायला मिळत नाही, आणि आमच्या घरी मागच्या महिन्यात नेमकं तेच झालं म्हणून लिहितेय.

आई ७९ ची. देवपूजा, पेपर, गोळ्यांचा डबा, सगळं स्वतः बघणारी. एका रात्री दोन वाजता उठून चादर चिमटीने ओढत बसली, विचारलं तर म्हणे शेवया वाळल्यात, गोळा करतेय. बाबांना जाऊन ११ वर्षं झाली तरी "त्यांचा डबा भरलास का" म्हणून मला रागावली. सकाळी जरा बरी, दिवेलागण झाली की परत सुरू. शेजारच्या काकू म्हणाल्या वात झालाय, भाऊ फोनवर म्हणाला वय झालं, आता असंच चालायचं. पण विसरभोळेपणा हळूहळू वाढत जातो ना, हे दोन दिवसात कसं काय आलं, हे काही माझ्या मनाला पटेना.

जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी लघवी तपासली, पस सेल (पू च्या पेशी) ८-१०, कल्चरमध्ये म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत ई. कोलाय नावाचे जंतू. युरीन इन्फेक्शन आहे त्यानेच भ्रम झालाय म्हणाले, अँटिबायोटिक दिलं, आम्हालाही कारण सापडल्यासारखं वाटलं. चार दिवस गोळ्या झाल्या, मळमळ वाढली, जेवण सुटलं, भ्रम तसाच.

मग मावसबहिणीच्या ओळखीने एका डॉक्टर मॅडमकडे गेलो ज्या फक्त वयस्कर पेशंट बघतात. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारायला लागल्या. ताप आला होता का, उन्हाळी लागली होती का, म्हणजे लघवीला आग होत होती का? नाही. शौचाला कधी झाली? आठवून बघितलं तर पाच दिवस झाले होते. नवीन गोळी काही? तेव्हा मला आठवलं, सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून मीच गोळ्या आणल्या होत्या आणि झोपही लागते म्हणून आठवडाभर रोज रात्री देत होते. मॅडमनी ओटीपोटावर हात ठेवला, ते टणक लागत होतं. लघवी तुंबली होती, नळी घातली तर पाऊण लिटर निघाली. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्यातल्या बऱ्याच गोळ्या नाक सुकवतात तसं लघवी अडवतात, पोट साफ होऊ देत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर पण परिणाम करतात, हे मला ५४ व्या वर्षी कळलं!

मॅडमनी सांगितलं की पुष्कळ वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, आणि ज्यांना कायमची नळी आहे त्यांच्यात तर जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यामुळे जंतू दिसले म्हणजे भ्रम त्यांच्यामुळेच असं नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये हेच सांगितलंय की ताप नाही, लघवीचा त्रास नाही, नुसता भ्रम आणि लघवीत जंतू, तर लगेच अँटिबायोटिक देण्यापेक्षा पेशंटवर नीट लक्ष ठेवून दुसरी कारणं शोधा. पाणी कमी पडलंय का, सोडियम, शुगर, छातीत कफ, कुठे दुखतंय का, कुठली गोळी नवीन सुरू झाली किंवा बंद झाली.

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा कोणी काढू नका. माझ्या सासऱ्यांना हुडहुडी भरून ताप, लघवीला आग आणि बडबड एकदम सुरू झालं होतं, ते खरं इन्फेक्शन होतं आणि वेळेवर सलाईनमधून औषध गेलं म्हणूनच ते वाचले. भ्रम एकाएकी आला की डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यायचं, त्यात दुमत नाही. आणि सगळेच बडबडतात असंही नाही हं, काहीजण नुसते गप्प पडून राहतात, घरच्यांना वाटतं शांत झोप लागलीय.

लक्ष टिकतंय का हे बघायला मॅडमनी आईला महिने उलटे म्हणायला सांगितले. तिने फाल्गुन, माघ, पौष म्हटलं आणि खिडकीकडे बघत बसली. सर्दीची गोळी बंद केली, एनिमा दिला, हरवेल म्हणून मी कपाटात ठेवलेलं कानाचं मशीन परत लावलं, चष्मा दिला, रात्री कोणीतरी ओळखीचं जवळ बसलं. पाचव्या दिवशी न विचारता तिने बाराही महिने उलटे म्हणून दाखवले. सगळ्यांना इतक्या लवकर उतार पडत नाही, काहींना कित्येक आठवडे लागतात असं मॅडम म्हणाल्या.

त्या रात्रींमधलं आईला थोडं थोडं आठवतं. मला काहीबाही बोलले ना गं, असं विचारते आणि ओशाळते. मी सांगते, आई तू आजारी होतीस, आणि ती गोळी मीच दिली होती.

आपली,
एक वाचक, सातारा