अक्कांचा गोल दुधी

डोंबिवली
12 सप्टेंबर

प्रिय शैला,

चार महिने पत्र नाही, रागावू नकोस. माझे गुडघे आहेत तसेच. आज लिहायला बसले, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. अक्कांच्या गोल दुधीचं बी संपलं. शेवटच्या तीन बियांतून एकच वेल वर आला आणि त्याचे पाचही दुधी बोटाएवढे होऊन गळले.

तू म्हणशील फळमाशी. नाही गं, एकेक कापून पाहिला. माशीने टोचलं की सालीवर डिंकाचा थेंब येतो, फळ वाकडं होतं, आत अळ्या सापडतात. हे फुलाच्या टोकाकडून पिवळे पडले, आत स्वच्छ. म्हणजे परागच लागला नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं नि सकाळी मिटतं. मधमाशीची वेळ चुकते, सगळी भिस्त पतंगांवर.

आता हातानेच करायचं. धास्ती एकच, शेजारच्या गच्चीवर लांब दुधी फुललाय. त्याचा पराग लागला तर यंदाचं फळ गोलच दिसेल, पण बी बिघडेल आणि ते पुढच्या वर्षी कळेल. म्हणून चार वाजताच फुगलेल्या कळ्या हेरायच्या. मादीखाली लवदार, सुपारीएवढा दुधी असतो. नराचा देठ लांब, बारीक. दोन्हींवर मलमलची पिशवी बांधायची. सातला नर तोडायचा, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या तिन्ही गाठींवर अलगद घोळवायचा. एका मादीला दोन नर. पुन्हा पिशवी, दोन दिवस. देठाला लाल दोरा, म्हणजे भाजीसाठी कुणी तोडणार नाही.

मादी फुलं मुळात कमी आहेत, कारण 20 लिटरच्या डब्यात शेणखत जास्त पडलं. पानं ताटाएवढी, फुलं सगळी नर! सहा फुटांवर शेंडा खुडलाय. बगलेच्या फुटव्यांवर मादी जास्त येते.

आणि कारल्याशेजारी लावला की दुधी कडू होतो, हे तुझं मला अजूनही मान्य नाही. अक्कांसमोर भांडलो होतो, आठवतं? कारल्याचा पराग दुधीला चालतच नाही. पण चिरताना तुकडा चाखत जा. कडू लागला तर सरळ फेकून दे, तो विषारी असतो.

नंदूचं ठरलं हे वहिनींकडून कळलं, फार आनंद झाला. नव्या घरात ऊन किती तास येतं, कळव.

एक काम कर. अक्कांनी तुला दिलेली हिंगाची डबी उघडून बघ. राखेत चार बिया जरी असल्या तरी दोन तिथेच ठेव, दोन कापसात गुंडाळून पाठव. इथला एखादा दुधी धरला तर तो देठ वाळेपर्यंत वेलावरच ठेवीन. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की निम्म्या तुझ्या.

तुझी,
माधुरी