कापडी पॅडचा जलरोधक थर सुटल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष कापडी पॅड बदलून मिळणे व वापराच्या सूचना दुरुस्त होणे.

महोदय,

अमळनेर तालुक्यातील आमच्या महिला बचत गटाने आपल्या संकेतस्थळावरून मासिक पाळीत वापरायचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड मागवले होते. ते दोन वर्षे टिकतील असे वेष्टनावर छापलेले असताना, काही पाळ्यांतच त्यांचा खालचा जलरोधक थर कडेच्या शिवणीपासून सुटू लागला. पॅड उजेडासमोर धरला की त्या थराला गेलेल्या बारीक भेगा दिसतात आणि नेमका तिथूनच डाग परकरापर्यंत येतो.

पॅड बदलून देण्यास नकार देताना आपल्या प्रतिनिधीने ‘कडक उन्हात वाळवल्यामुळे थर खराब झाला’ असे लेखी कळवले. हे कारण आम्हाला मान्य नाही, कारण थेट उन्हात पूर्ण कोरडे करावे, असे आपल्याच सूचनापत्रकात म्हटले आहे. ती सूचना योग्यही आहे; पॅड ओलसर राहिला तर त्यात जंतू आणि बुरशी वाढते. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे काही गुपित नाही, आणि पॅड इथल्या उन्हाला टिकणार नसेल तर ते विकण्यापूर्वी सांगायला हवे होते. पाळीचे कापड साडीखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात लपवून वाळवण्याची वर्षानुवर्षांची सवय मोडून गटातील बायकांनी हे पॅड उघड्यावर दोरीवर घातले, त्यासाठी आम्हाला पुष्कळ समजूत घालावी लागली. आता उन्हालाच दोष दिला, तर त्या पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळतील, याची मला मनापासून चिंता वाटते.

पॅड आधी थंड पाण्यात खळबळावा, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो, आणि सॉफ्टनर वापरू नये, कारण त्याने कापडाची शोषणक्षमता घटते, या महत्त्वाच्या गोष्टी पत्रकात केवळ इंग्रजीत आहेत. शिवाय पॅडची लांबी एकच असून टिचबटणही एकाच जागी आहे, त्यामुळे दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचा पॅड मागे सरकतो. निवड करताना वेगवेगळ्या लांबीचा पर्याय असणे आवश्यक आहे.

सबब, सर्व सदोष पॅड बदलून द्यावेत अथवा रक्कम परत करावी, मराठी सूचनापत्रक पुरवावे, आणि पुन्हा वापरायच्या पॅडसाठी २०२१ साली आलेल्या आयएस १७५१४ या भारतीय मानकानुसार या उत्पादनाची चाचणी झाली आहे का, ते लेखी कळवावे. ई-कॉमर्सविषयक २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास आम्ही जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. सुटलेल्या थराची छायाचित्रे, देयकाची प्रत व आपल्या प्रतिनिधीचे उत्तर सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
अध्यक्षा, महिला बचत गट,
ता. अमळनेर, जि. जळगाव