मुक्काम ज्वालामुखीच्या गावातच कर

सॅन होजे,
७ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,

काल इथे गणपती बोळवले. आवराआवर झाली, घर एकदम रिकामं वाटायला लागलं, आणि मग तुझा मेसेज पुन्हा नीट वाचला. हवाईतल्या मुक्कामासाठी पाच ठिकाणांच्या लिंक आणि खाली एक ओळ, "यातलं कुठलं घेऊ ते सांग, डिसेंबरचं भराभर भरतंय." फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मार्चमध्ये मी नेमका इथेच चुकलो आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून बैजवार लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी बेट किती मोठं आहे ते डोक्यात घे. बेट म्हटलं की वाटतं, कुठेही उतरलं तरी अर्ध्या-पाऊण तासात सगळीकडे पोचू. हवाईचं हे बिग आयलंड १०,४३० चौरस किलोमीटरचं आहे. आपला सातारा जिल्हा १०,४८०! मी हा आकडा दोनदा पडताळून पाहिला. म्हणजे तू एका हॉटेलात नाही, अख्ख्या सातारा जिल्ह्यात मुक्कामाची जागा शोधतोयस. आणि मध्ये सह्याद्रीऐवजी मौना केआ आणि मौना लोआ असे दोन डोंगर, एक ४,२०७ मीटर, दुसरा ४,१६९. पावसाचं गणितही आपल्यासारखंच, फक्त दिशा उलटी. तिथे वारे ईशान्येकडून येतात, त्यामुळे पूर्वेकडचं हिलो म्हणजे महाबळेश्वरचा भाऊ, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि डोंगराआडचा पश्चिम किनारा म्हणजे माण-खटाव. तिथल्या कवाइहाए बंदरावर वर्षभरात २५० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. मोठमोठी रिसॉर्टं त्या कोरड्या बाजूला आहेत, कारण तिथे ऊन हमखास. आणि ज्वालामुखी, म्हणजे किलावेआ, आहे ओल्या बाजूला. सगळी गोची इथे आहे.

मार्चमध्ये आबा आले होते तेव्हा आम्ही सहाही रात्री पश्चिमेला, कोनाच्या किनाऱ्यावर घेतल्या. समुद्रासमोरचा फ्लॅट, पोरासाठी तरणतलाव, सगळं छान. किलावेआ डिसेंबर २०२४ पासून थांबून थांबून उसळतोय. काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे नुसता धुमसतो, मग काही तास लाव्हाचं कारंजं उडवतो आणि गप्प होतो. चौथ्या दिवशी दुपारी फोनवर आलं की कारंजं सुरू झालंय. जेवण अर्धं टाकून निघालो. अडीच तासांचा रस्ता. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि विवराच्या काठावर असं धुकं उतरलं की हाताच्या अंतरावरचा कठडा दिसेना. धुक्याच्या आत कुठेतरी लाल उजेड हलत होता, आणि आवाज येत होता, एखादी भट्टी पेटल्यासारखा. आबा कठड्याला धरून दीड तास उभे होते. थंडीत. मग पोर रडायला लागलं, परतीचे अडीच तास समोर होते, आणि मीच म्हणालो, चला आता. सकाळी कळलं की मध्यरात्रीनंतर धुकं विरलं आणि लोकांनी पहाटेपर्यंत डोळे भरून पाहिलं.

आबा काही बोलले नाहीत. विमानात एवढंच म्हणाले, "आवाज ऐकला, पुष्कळ झालं." ज्या माणसाने आपल्याला अजिंक्यताऱ्यावर नेऊन समोरचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दाखवले आणि सांगितलं की यातली एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो माणूस लाव्हापासून दोन किलोमीटरवर जाऊन माघारी आला. आम्ही जवळ मुक्कामाला असतो तर दुलई पांघरून झोपलो असतो आणि एक वाजता उठून पुन्हा गेलो असतो. एवढाच फरक.

जूनमध्ये आम्ही तिघं परत गेलो, आणि या वेळी तीन रात्री व्होल्कॅनो नावाच्या गावातच घेतल्या. तुझ्या यादीतली पाचवी लिंक तिथलीच आहे, ज्या फोटोकडे बघून वहिनी म्हणाल्या की हे काय, नुसती झाडी. गाव ज्वालामुखीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी आहे, गाडीने पाच-सात मिनिटं. उंची साधारण १,२०० मीटर, म्हणजे पाचगणीच्या जरा खाली. तसाच गारवा, तसंच धुकं, फक्त सिल्व्हर ओकच्या जागी माणसाहून उंच नेच्यांची झाडं आणि लाल फुलांचे ओहिआ. गावात नळाचं पाणी नाही. प्रत्येक घराला मोठी टाकी, आणि छपराच्या पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून त्यात. रात्री अंथरुणात पडलं की ते पाणी टाकीत पडताना ऐकू येतं, अगदी मामाच्या घरी आषाढात ऐकू यायचं तसं. प्यायला घरमालक वेगळं पाणी ठेवतात, त्याची काळजी नको.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास हिने मला हलवून उठवलं. खिडकीबाहेरचं धुकं नारिंगी झालं होतं. पोराला ब्लँकेटसकट उचललं आणि गेलो. उद्यान चोवीस तास उघडं असतं, गाडीमागे ३० डॉलर भरले की सात दिवस चालतात. काठावर उभं राहिलो तर समोर कारंजं, कुतुबमिनारापेक्षाही कितीतरी उंच. इतक्या लांबून गालाला धग लागत होती. वर गेलेला लाव्हा खाली येताना काळा पडतो, आणि उजेडात ते काळे ठिपके पाखरांच्या थव्यासारखे दिसतात. पोरगा एक शब्द बोलला नाही. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. हे मी वर्णन करून सांगण्यातलं नाही, तरी सांगतोय, कारण खिडकीतून दिसलं म्हणून ते आम्हाला मिळालं. कोनाच्या फ्लॅटमध्ये आम्ही झोपलेलो असतो.

तुम्ही जाल तेव्हा कारंजं उडेलच असं नाही. अमेरिकेच्या भूशास्त्र खात्याची वेधशाळा पुढचा उद्रेक कधी होईल याचा अंदाज देत असते, तो रोज बघत जा. पण मधल्या शांत दिवसांतही रात्री विवराच्या तोंडाशी लाल झळाळी बहुतेक वेळा दिसते, तीही बघण्यासारखी. आणि कॅलिफोर्नियाहून गेल्यावर घड्याळ डिसेंबरमध्ये दोन तास मागे जातं, त्यामुळे पहिले तीन दिवस पहाटे चारलाच जाग येते. म्हणून माझं म्हणणं, गाव आधी, समुद्र नंतर. ती जाग वाया जात नाही, काठावर गर्दी नसते.

आता काकूंचा दमा. तू मागे म्हणालास की ज्वालामुखीपासून जितकं लांब तितकं बरं, म्हणून कोना. इथे जरा थांब. किलावेआतून गंधकाचा वायू निघतो आणि त्याचं धुरकट मळभ तयार होतं, तिथे त्याला 'व्होग' म्हणतात. एरवीचा ईशान्येचा वारा ते नैर्ऋत्येला ढकलतो आणि डोंगराला वळसा घालून ते कोनाच्या किनाऱ्यावर येऊन साचतं. व्होल्कॅनो गाव विवराच्या ईशान्येला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्यामुळे पुष्कळ दिवस जवळच्या गावात हवा स्वच्छ आणि रस्त्याने दीडशेक किलोमीटरवरच्या कोनात डोळे चुरचुरतात. मार्चमध्ये आमच्या बाल्कनीतून दोन दिवस समुद्राची कड दिसत नव्हती, ती याचमुळे. मात्र वारा फिरला की गावाची पाळी. उद्यान हवेची नोंद रोज देतं, ती बघून काकूंना न्यायचं की नाही ते ठरव. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोल, पंप पर्समध्ये नको, खिशात हवा. गारवा सोसणार नसेल, कारण रात्री १२ अंशांपर्यंत उतरतं, तर हिलो. तिथून उद्यान पाऊण तास.

हिलो मला फार आवडलं, खरं सांगतो. जुनं, ओलं, सावकाश चालणारं गाव. समुद्रासमोरची मोठी हिरवळ बघून वाटतं, काय मोक्याची जागा सोडलीय. १९४६ आणि १९६० च्या त्सुनामींनी तिथली वस्ती धुऊन नेली, १९६० मध्ये ६१ माणसं गेली, म्हणून ती जागा मोकळी ठेवली आहे. बुधवारी आणि शनिवारी मोठा बाजार भरतो. तिथे अळूचे कांदे आणि पानं बघून ही थबकलीच. हवाईचा 'कालो' म्हणजे आपलंच अळू रे, ते कांदे शिजवून वाटून त्याची पोई करतात. काकूंना दाखव. एकच त्रास, रात्री कोकी नावाचे बेडूक. बोटाच्या पेराएवढा जीव, पण "को-की, को-की" असा गजर रात्रभर. कानात घालायला कापूस ने. वर व्होल्कॅनो गावात थंडीमुळे ते फारसे नसतात.

तिसऱ्या लिंकमधलं, पाहोआच्या बाजूचं स्वस्त घर घेऊ नकोस. बेटाचे लाव्हाच्या धोक्यानुसार एक ते नऊ असे भाग पाडलेत, एक म्हणजे सर्वांत धोक्याचा, आणि ते घर एकमध्ये आहे. २०१८ साली तिथेच जमीन फाटली आणि ७०० हून अधिक घरं लाव्हाखाली गेली. व्होल्कॅनो गाव विवराजवळ असूनही तीनमध्ये मोडतं. तुमच्या चार दिवसांत काही होईल असं मी म्हणत नाही, पण त्या भागात जाण्यायेण्याचा मोठा रस्ता एकच, आणि आई आणि लेक सोबत असताना तेवढे पैसे वाचवावेत असं मला वाटत नाही.

समुद्रासाठी कोना की वायव्य किनाऱ्यावरचं कोहाला, यात कोहाला. व्होग त्या बाजूला कमी पोचतो, आणि हापुनाची पुळण पांढरी, ऐसपैस, तुझ्या लेकीला मनसोक्त खेळता येईल. भाड्यावर राज्याचे आणि काऊंटीचे कर मिळून १८-१९ टक्क्यांच्या आसपास लागतात, वर 'रिसॉर्ट फी' आणि पार्किंग वेगळं, तेव्हा लिंकवरचा आकडा धरू नकोस, शेवटच्या पानावरचा धर. भाड्याचं घर असेल तर जाहिरातीत काऊंटीचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघ. नसेल तर सोड. आणि दोन्हीकडे पैसे परत मिळणारं बुकिंगच कर.

म्हणजे असं: आधी तीन रात्री व्होल्कॅनो गाव, मग चार रात्री कोहाला. कोनाला उतरून दोन डोंगरांमधल्या रस्त्याने हिलोला जा, वाणसामान तिथेच भर, कारण गावात दुकानं लवकर मिटतात. कुकर माझ्याकडचा ने. किलावेआ इकी या शेजारच्या विवराच्या तळातून चालत जाणारी सव्वापाच किलोमीटरची वाट आहे, १९५९ सालच्या लाव्हावरून. ती तू, वहिनी आणि लेक करा, उजाडताच निघा. भेगांमधून नेचे आणि ओहिआची रोपं वर आलेली दिसतील, कासच्या पठारावर खडकाच्या पोटातून फुलं येतात तशी. आणि किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लाव्हाचे पीळ बघ, दोरखंड गुंडाळून ठेवल्यासारखे. आपल्या घराच्या पायरीचाच दगड, पण पन्नास वर्षांचा. त्याला हात लाव, उचलून आणू मात्र नको. ते पेले देवीचं घर आहे, तिथली माणसं मानतात, आपण देवराईतली काटकी उचलत नाही तसंच.

आता शेवटचं, आणि पत्र लिहायला बसलो ते बरंचसं यासाठी. पाचव्या लिंकमधलं घर दोन खोल्यांचं आहे. त्याच गल्लीत तीन खोल्यांचं एक आहे, आम्ही राहिलो तेच, खिडकी विवराच्या दिशेला. ते मी उद्या सकाळपर्यंत धरून ठेवलंय. आबांचा व्हिसा अजून चालू आहे, आणि तुम्ही चौघं येतच आहात, तर वाटेत त्यांना सोबत होईल. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणाले, एकदा खर्च झालाय, पुन्हा कशाला. माझं ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतील. आज संध्याकाळी घरी जाऊन ये, काकूंनाही ने, आणि तिकिटाचं काय ते मला रात्रीच कळव.

तुझ्या लेकीला गोड पापा, काकूंना नमस्कार.

तुझाच