काळी पाच आणि एकवीस मिनिटं

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या बँडला गॅदरिंगमध्ये वीस मिनिटं मिळाली, त्यातली सहा तू ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला देणार आहेस आणि वरच्या टिपेला आवाज फाटतो म्हणून रोज दोन तास तेवढीच ओळ घोकतो आहेस, हे कळलं. घोकणं आधी थांबव. कारण पुढे सांगते.

ते गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे आणि त्यातला मधला ऑपेराचा तुकडा ते मूळ रचणाऱ्या क्वीन या इंग्रजी बँडलाही स्टेजवर गाता येत नव्हता. आधी ते तो भाग गाळायचे. नंतर टेप लावून चौघेही आत निघून जायचे आणि गिटारचा दणका सुरू झाला की बाहेर यायचे. यात लबाडी नव्हती, तो तुकडा स्टुडिओतच रचलेला आहे. गिटारवाला ब्रायन मे खाली, मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी मध्ये, ड्रमर रॉजर टेलर वर, असे तीन गळे. (हो, ती सगळ्यात उंच किंकाळी ड्रमरची आहे, फ्रेडीची नाही.) तिघांनी एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि २४ ट्रॅकच्या, म्हणजे २४ आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या, टेपवर भरायची. ट्रॅक संपले की साठलेले आवाज एकत्र करून एकदोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर परत गायचं. ऑगस्ट १९७५मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं, आणि एकट्या ऑपेराला तीनेक आठवडे लागले. टेप मशीनच्या हेडवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा थर झिजला आणि उजेडाला धरल्यावर आरपार दिसायला लागलं. तुम्ही चौघं, दोन माइक आणि भाड्याचे स्पीकर. तो भाग सोडा.

राहिला पहिला भाग, पियानोचा. तुला हवा आहे तोच. तो काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी, इंग्रजीत बी फ्लॅट) आहे, आणि चढतो तिथे थेट वरच्या काळी पाचला जातो. ही टीप ४६६ हर्ट्झची, म्हणजे ती धरलीस की स्वररज्जू सेकंदाला ४६६ वेळा एकमेकींवर आपटतात. दोन तास तेवढीच ओळ घोकलीस तर किती वेळा आपटतात, ते तूच मोज. आधी कडा सुजतात, मग आवाजात हवा मिसळते, मग माणूस जोर लावतो आणि त्या जोरानेच गाठी येतात. फ्रेडीलाही आल्या होत्या. फेब्रुवारी १९७५च्या अमेरिका दौऱ्यात घसा बसला म्हणून कार्यक्रम रद्द करावे लागले.

त्याचा गळा जन्मतः उंच होता असं सगळे धरून चालतात. २०१६मध्ये काही संशोधकांनी त्याच्या मुलाखती आणि गाणी मोजून पाहिली. बोलण्याचा आवाज निघाला ११७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे साधा मध्यम पुरुषी, बॅरिटोन. लांब धरलेल्या सुरातला कंपही मोजला. इतर गायकांचा सेकंदाला पाच-सहा वेळा असतो, त्याचा सातच्या घरात होता, आणि तोही एकसारखा नव्हे. नक्कल करणारे तिथेच उघडे पडतात. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

उंच टिपा त्याने कमावल्या होत्या, आणि कमावलेली वस्तू तो जपून खर्च करायचा. ‘वी आर द चॅम्पियन्स’ रेकॉर्डवर जिथे वर जातं, तिथे दौऱ्यावरची रेकॉर्डिंग ऐक. बऱ्याच ठिकाणी तो खालून वळसा घेतो आणि समोरच्याला ते कळतही नाही, कारण वळसाही ठाम असतो. मला त्याचं हेच सगळ्यात आवडतं. आवाज कुठे कमी पडेल हे त्याला आधीच ठाऊक असायचं आणि गाण्याची मांडणी तो त्याप्रमाणे करायचा.

तेव्हा तू पट्टी उतरव. काळी पाच, पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच. तीन पायऱ्या. पांढरी पाचला वरची टीप ४६६वरून ३९२वर येते, आणि ती तुझ्या आवाक्यात आहे. शिवाय गिटारवाल्याची सोय होते. मुळातले बी फ्लॅट, जी मायनर, सी मायनर, एफ हे कॉर्ड जी, ई मायनर, ए मायनर, डी होतात, सगळे मोकळ्या तारांचे. कीबोर्डवाल्याने नवीन काही शिकायला नको. कीबोर्डची पट्टी वरखाली करणारं ट्रान्सपोज वजा तीन करायचं आणि मूळ बोटांनीच वाजवायचं. पियानोच्या सुरावटीत डावा हात उजव्यावरून पलीकडे जाऊन वरचे सूर वाजवतो, ते मात्र बघून घे. हाताखालून न्यायला गेलात तर मनगटं अडकतात.

हात कुठे ठेवायचे कळत नाही, लोकांसमोर उभं राहिलं की लाकूड होतं, असंही लिहिलं आहेस. मग हे वाच. फ्रेडीचं खरं नाव फारोख बुलसारा. तो ५ सप्टेंबर १९४६ला आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर जन्मला. घर पारशी. बुलसारा म्हणजे बुलसारचे, आजच्या वलसाडचे. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. आठव्या वर्षी पोराला बोटीत बसवून शाळेसाठी धाडलं ते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये. (पसरणीचा घाट चढून गेलं की लगेच. तुमची सहल गेली होती तेव्हा तुम्ही मॅप्रोशिवाय काही पाहिलं नसणार.) तिथे तो पियानो शिकला आणि १९५८मध्ये, बाराव्या वर्षी, वर्गातल्या पाच जणांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. पुढे उभा राहून गाणारा दुसराच मुलगा होता. हा मागे, पियानोवर.

१९६४मध्ये झांझिबारात क्रांती झाली, कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये राहिलं. लंडनमधल्या ईलिंगच्या कॉलेजात त्याने ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला. क्वीनच्या चिन्हात दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आहेत ना, ते त्यानेच काढलं. चौघांच्या राशी आहेत त्या, आपण स्वतः कन्येच्या पऱ्या. हीथ्रोवर सामान उचललं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजरबरोबर जुने कपडे विकले. दोन-तीन बँड झाले आणि मोडले. ब्रायन आणि रॉजरच्या ‘स्माइल’ या बँडचा गायक १९७०मध्ये सोडून गेला, तेव्हा कुठे हा पुढे आला. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि तोवर समोर बसून त्यांनाच ‘असं काय उभे राहता’ म्हणून ओरडून झालं होतं. बास गिटारवाला जॉन डीकन १९७१मध्ये मिळाला. पहिला अल्बम आला १३ जुलै १९७३ला. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी अनेक बँडनी मिळून केलेला लाइव्ह एडचा कार्यक्रम १३ जुलै १९८५चा. मध्ये बरोब्बर एक तप गेलं.

लाइव्ह एडची एकवीस मिनिटं तू शंभरदा पाहिली असशील. या खेपेला घड्याळ घेऊन बघ. लंडनच्या वेम्बली मैदानात ७२ हजार माणसं, भर उजेड, संध्याकाळचे पावणेसात, स्वतःचे दिवे नाहीत, धूर नाही. वेळ कळावी म्हणून स्टेजवर सिग्नलसारखे दिवे होते, तांबडा लागला की उतरायचं. क्वीननी आधी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली होती. सहा गाणी, पण अख्खं गाणं कशाला? ‘ऱ्हॅप्सडी’चा फक्त पियानोचा भाग, ऑपेरा येण्याआधीच तोडलेला. लगेच ‘रेडिओ गा गा’, ज्याच्या टाळ्या लोकांना पाठ. मग ‘हॅमर टू फॉल’, मग ‘क्रेझी लिटल थिंग’. ‘वी विल रॉक यू’ छाटलेलं आणि शेवट ‘चॅम्पियन्स’. सुरुवात पियानोवर बसून केली हेही लक्षात घे. हात कुठे ठेवायचे हा प्रश्नच आला नाही, आणि मैदानाचा अंदाज घ्यायला दोन-अडीच मिनिटं मिळाली. तूही कीबोर्डवर बसून सुरू कर.

मधला तो ‘ए-ओ’चा खेळ नीट ऐक. पहिली हाक एका श्वासात मावेल एवढी छोटी आणि मधल्या सुरांत, कोणालाही म्हणता येईल अशी. उत्तर पुरतं येईपर्यंत तो थांबतो. मग थोडी लांब, मग वर, मग गिरकी घेतलेली, आणि लोक अडखळणार असं वाटलं की लगेच आवरतं घेतो. खाली ठेका ठेवलेला नाही. मैदानात आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, शंभर मीटरवरच्या माणसाला तो पाव सेकंदाहून उशिरा पोचतो. ठेका असता तर उत्तर दर वेळी मागे पडलं असतं. तुमचं सभागृह लहान आहे, तिथे टाळ्या चालतील. पण त्या ड्रमरने सुरू करायच्या, तू नाही. तू सुरू केल्यास तर घाईत लय वाढवशील, सगळेच वाढवतात.

धावायचं वाजवण्याच्या तुकड्यात, गायचं उभं राहून. व्हिडिओ आवाज बंद करून पाहिलास तर दिसेल.

फ्रेडीची ती माइकच्या स्टँडची अर्धी काठी तुला हवी आहे. ती एका जुन्या कार्यक्रमात स्टँड मधोमध तुटला त्यातून आली, मग त्याने तशीच ठेवली. तुम्हाला तोडायला नको. सरळ स्टँड घ्या, आडव्या दांडीचा, बूमचा नको. वरची नळी फिरवून सोडवली की झालं. दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे काठी फिरवताना माइकचं तोंड मॉनिटरकडे (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर ठेवलेल्या स्पीकरकडे) जातं आणि माइक शिट्टी मारतो. माइक खाली न्यायचा झाला तर त्याची मागची बाजू मॉनिटरकडे राहू दे. दुसरं, जाळी मुठीत धरू नकोस. बाजूचा आवाज गाळायला माइकला मागून जी वाट ठेवलेली असते ती मुठीने बंद होते, आणि परत शिट्टी. केबल नळीभोवती दोन वेढे देऊन टेपने चिकटव, नाहीतर झटक्यात निघेल. पांढऱ्या बनियनवर पैसे खर्चू नकोस, ते घरी आहेत.

आता पैशाचं, कारण तुम्ही स्वतःची गाणी करायला लागला आहात. १९७५च्या अखेरीपासून ‘ऱ्हॅप्सडी’ इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिली. गाणं फ्रेडीचं. पण त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरचं मोटारीवरचं एक गाणं होतं, आणि एक रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखेच पैसे. ती रेकॉर्ड कोणीही मागच्या बाजूसाठी घेतली नव्हती. या वादाची धुसफुस वर्षानुवर्षं चालली. १९८९च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कोणीही लिहो, नाव चौघांचं. त्याआधीची ठेच तर मोठी होती. ट्रायडंट नावाच्या ज्या कंपनीशी पहिला करार, तिच्याकडेच व्यवस्थापन, प्रकाशन आणि ध्वनिमुद्रण तिन्ही. मग बँडच्या बाजूने तिच्याशी भांडणार कोण? गाणी गाजत होती आणि पोरं पगारी. सुटायला एक लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमवर एक टक्का मोजावा लागला. तुम्ही चौघं एका कागदावर लिहून सह्या करा, आत्ताच, काही मिळण्याआधी.

शेवटचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. ९ ऑगस्ट १९८६ला इंग्लंडात नेबवर्थला फ्रेडीचा क्वीनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी एड्सचं निदान. बातमीदार दारात बसलेले असताना तो स्टुडिओत जात राहिला. मे १९९१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला ‘मदर लव्ह’ गायला घेतलं, उभं राहवत नव्हतं तेव्हा. शेवटचं कडवं राहिलं, ते पुढे ब्रायनने गायलं. ऐकताना आवाज बदलतो ती जागा स्पष्ट कळते आणि त्यांनी ती लपवलेली नाही. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला, २४च्या संध्याकाळी न्यूमोनियाने गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले. एड्सवर एकत्र देण्याची परिणामकारक औषधं त्यानंतर पाचेक वर्षांनी आली.

घसा जप. कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्याने उलट ताण येतो. कोमट पाणी, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गप्प बसणं. ते तुला जमणार नाही, पण लिहून ठेवते.

तुझी,
आई

ता. क. ‘ऱ्हॅप्सडी’ झाल्याबरोबर कीबोर्डचं ट्रान्सपोज शून्यावर आणायला कोणाला तरी नेमून ठेव. टाळ्यांत विसरतं. मग पुढचं गाणं गिटार एका पट्टीत आणि कीबोर्ड तीन पायऱ्या खाली असं सुरू होतं, आणि सगळे गायकाकडे बघतात.