त्या हसऱ्या बरणीला 'क्यूट' म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

परवाच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या जुन्या बाजारांवरचा लेख वाचला, लिहिलाय मस्त, पण त्यातल्या एका फोटोत ती बिस्किटांची बरणी आहे ना, जाडजूड काळी बाई, डोक्याला लाल रुमाल, सगळे दात काढून हसतेय, तिच्याखाली 'क्यूट अँटिक' छापलंय ते बघून राहवलं नाही.

मी न्यू जर्सीत राहते. आधी माझीच चूक सांगते. इथे नवीन होते तेव्हा अशाच बाईची मीठ-मिरपुडीची जोडी मी फ्ली मार्केटमधून 6 डॉलरला आणलेली, तीही घासाघीस करून, आणि ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेली. एकदा मुलाच्या मित्राची आई त्याला न्यायला आली, ती ब्लॅक, चहा घेऊन जा म्हणून आत बोलावलं तर तिची नजर तिथेच. बोलली काहीच नाही, पण चहा अर्धा ठेवून उठली. मला रात्रीपर्यंत कळेना काय बिनसलं, मग गूगल केलं.

ही बाई म्हणजे 'मॅमी'. गोऱ्यांच्या घरी राबतेय आणि त्यातच खूश आहे, असं दाखवायला उभं केलेलं सोंग. गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने गेली, हा चेहरा मात्र स्वयंपाकघरात राहिला, 'आंट जेमायमा' हे अशाच बाईचं नाव पॅनकेकच्या पाकिटावरून जायला 2021 उजाडलं!

मग फोडून टाकायच्या का या वस्तू? डेव्हिड पिलग्रिम नावाच्या ब्लॅक मुलाने लहानपणी तेच केलं, अलाबामात अशी एक वस्तू विकत घेतली आणि तिथल्या तिथे आपटली. पुढे तो समाजशास्त्राचा प्रोफेसर झाला आणि हेच सगळं जमवत गेला, आता मिशिगनच्या फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत त्याचं जिम क्रो म्युझियम आहे (काळ्यांना वेगळं, खालचं ठेवणाऱ्या जुन्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणतात), पुरावा म्हणून ठेवलंय सगळं, शोभेला नाही.

आणि त्याच बाजारात काय काय पडलेलं असतं बघा. 2007 मध्ये टेनेसीत एका बाईला 20 डॉलरच्या जुन्या कापडांत एक सुती पोतं मिळालं. त्यावर रूथ मिडलटनने 1921 मध्ये दोऱ्याने भरलंय की माझी आजी अ‍ॅश्ली 9 वर्षांची असताना विकली गेली, तेव्हा तिच्या आईने, रोझने, हे पोतं तिला दिलं, आत एक फाटका झगा, तीन मुठी पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि स्वतःच्या केसांची वेणी, बाकी यात माझी माया कायम भरलेली राहील म्हणाली. मायलेकी परत कधी भेटल्या नाहीत. हे मी मुलाला वाचून दाखवत होते, वेणीपाशी मला पुढे वाचवेना, त्यानेच वाचलं.

जोतिरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांच्या मराठीत छापणाऱ्या पेपरने निदान ती फोटोओळ तरी बदलावी एवढीच विनंती.

माझी जोडी मी एखाद्या म्युझियमला पाठवणार होते. पॅक करताना उलटी करून बघितली तर तळाला अर्धवट खरवडलेला स्टिकर, 'मेड इन चायना'. जुनी नव्हतीच ती. म्हणजे हे अजून कुणीतरी बनवतंय आणि माझ्यासारखं कुणीतरी घेतंय.

एक वाचक, न्यू जर्सी