फाउंड्रीतले सिरियम आणि ‘दुर्मीळ’ धातूंच्या बातम्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनने 4 एप्रिल 2025 रोजी दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून बातम्यांत हे सतराही धातू एकाच दावणीला बांधले जातात. त्या दिवशीच्या यादीत सातच नावे होती: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम. सिरियम त्यात नव्हते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एसजी आयर्न (ग्राफाइटच्या गोळ्या असलेले ओतीव लोखंड) फाउंड्र्यांत नोड्युलायझरबरोबर, म्हणजे त्या गोळ्या घडवणाऱ्या मसाल्याबरोबर, जे रोज लॅडलमध्ये (वितळलेल्या लोखंडाच्या भांड्यात) पडते, ते मुख्यतः सिरियम.

सिरियम मुळात दुर्मीळ नाहीच. भूकवचात ते साधारण तांब्याइतके आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटमधल्या दुर्मीळ मृदांत जवळपास निम्मा वाटा त्याचाच असतो. लायटरचा खडा, काचेची पॉलिश पावडर, मोटारीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे त्याचे नेहमीचे उपयोग. ओतकामातल्या उपयोगाबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही.

साध्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ग्राफाइटच्या पापड्या असतात आणि तडा त्यांच्याच कडेने धावतो. त्या पापड्यांच्या जागी गोळ्या झाल्या की तेच बीड वाकते, ताण सोसते. सिरियम घालून अशा गोळ्या मिळतात, हे ब्रिटनच्या मॉरो यांनी 1948 मध्ये जाहीर केले. पुढे मॅग्नेशियमने बाजी मारली, तरी सिरियम सुटले नाही. मॅग्नेशियम 1090 अंशांना उकळते, म्हणून वितळलेल्या लोखंडाच्या 1450 अंशांच्या रसात ते भडकून उडते. सिरियम 795 अंशांना वितळते, पण या रसात उकळत नाही. ते गंधक बांधते आणि स्क्रॅपमधून आलेल्या शिसे, अँटिमनी, टायटॅनियम यांचा उपद्रव मोडून काढते. 0.01 टक्क्याहून कमी शिसेही गोळ्या बिघडवायला पुरते.

प्रमाण किती? 500 किलो रसाला साधारण 7 किलो नोड्युलायझर. त्यात आरई (रेअर अर्थ, म्हणजे दुर्मीळ मृदा) 1 टक्का असेल तर दुर्मीळ मृदा भरते फक्त 70 ग्रॅम. लॅडल उंच हवी, व्यासाच्या दुप्पट. मसाला तळाच्या खळग्यात ठेवून वर स्टीलचे पंचिंग पसरायचे आणि रसाची धार खळग्याच्या विरुद्ध बाजूला सोडायची. धार थेट मसाल्यावर पडली की मॅग्नेशियम लगेच पेट घेते आणि रसात पुरेसे उतरत नाही. मळी काढून दहा मिनिटांच्या आत शेवटचा मोल्ड भरावा, कारण पुढे परिणाम ओसरत जातो. म्हणून नमुना शेवटच्या मोल्डच्या वेळचा तपासावा. पहिल्या मोल्डचा नमुना चांगला आला तरी शेवटच्याची खात्री देता येत नाही.

भाव किंवा भीती पाहून आरईचे प्रमाण ठरवले जाते, ही आमच्या मते खरी चूक आहे. ते स्क्रॅप आणि जाडी पाहून ठरवायला हवे. रंगीत पत्रा, मिसळ भंगार असेल तर आरई जास्त लागते. चार्ज (भट्टीत टाकलेला माल) स्वच्छ आणि कास्टिंग जाड असेल, म्हणजे 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, तर तेच सिरियम उलटते. सावकाश थिजणाऱ्या गाभ्यात गोळ्यांऐवजी गुंतागुंतीचे तुकडे तयार होतात, त्याला चंकी ग्राफाइट म्हणतात. मशिनिंग झाल्यावर तो भाग काळपट डागासारखा दिसतो, आणि तिथल्या तुकड्याचे इलाँगेशन (तुटण्याआधी ताणले जाण्याचे प्रमाण) कोसळते. अशा कास्टिंगला कमी आरईचा किंवा बिनआरईचा मसाला घ्यावा. आरईचाच वापरायचा असेल तर सोबत अगदी मोजून थोडी अँटिमनी देतात. एरवी ज्या अँटिमनीला भंगारातून हुडकून बाहेर काढायचे, तीच इथे सिरियमचा तोल सांभाळते.

नोड्युलायझरच्या प्रत्येक लॉटसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रात मॅग्नेशियमचा आकडा सगळे वाचतात. त्याच्याच खालच्या ओळीत आरई लिहिलेले असते.

आपले,
ओतकाम क्षेत्रातील तंत्रज्ञ, कोल्हापूर